पिण्याच्या सात गोष्टी आणि एक ताजा कलम

«ताई, नमस्कार. वय ४७. सांगलीत एका पतसंस्थेत रोखपाल आहे, दिवसभर खुर्चीत. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६९ किलो, कंबर ३७ इंच. तीन महिन्यांपूर्वी संस्थेतर्फे तपासणी झाली. उपाशीपोटीची साखर १०८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, हिमोग्लोबिन ९.६. आईला मधुमेह होता, त्यामुळे धसकाच घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं नैसर्गिक सुरू केलं. पहाटे पाचला उठून कोमट पाण्यात लिंबू-मध, मग रात्री भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी, अर्ध्या तासाने दुधीचा कच्चा रस, आंघोळीनंतर गुळवेलाचा काढा (तो कोरोनापासूनच चालू आहे). साखर बंद, चहा गुळाचा, तीन वेळा. चार वाजता जिऱ्याचं पाणी. रात्री हळदीचं दूध. डब्यात दीड चपाती आणि भाजी. रात्री फक्त पपई, कारण रात्रीचं जेवण वजन वाढवतं म्हणतात. भात पूर्ण बंद. आमराईत रोज दहा हजार पावलं.

जाऊबाई दोन वेळच्या जेवणावर आहेत, त्यांचं नऊ किलो उतरलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणते दर दोन तासांनी खा. मी दोन्ही करून पाहिलं. तीन महिन्यांत दोन किलो उतरलं, त्यातलं एक परत आलं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, गुडघे कुरकुरतात, चिडचिड होते. शेजारच्या वहिनी शेकची पावडर देतात, महिन्याला २,८०० रुपये. घेऊ का? घरी चौघं, सासूबाई माळकरी, त्यामुळे अंडं घरात येत नाही. सगळ्यांचं झालं की मी शेवटी बसते. माझं काय चुकतंय?

ता. क. हसू नका, पण तांदूळ निवडताना हल्ली कच्चे तांदूळ तोंडात टाकावेसे वाटतात, मूठ-मूठ खाते. आणि पाळी दीड वर्षापासून तीन आठवड्यांनीच येते, अंगावरून फार जातं, गुठळ्या पडतात. ते वयाचंच असणार.»

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर ताज्या कलमापासून सुरू करतेय. पानभर सगळं सांगून झाल्यावर शेवटी दोन ओळींत जे तुम्ही उरकलंत, तेच खरं पत्र आहे.

कच्चे तांदूळ खाण्यात हसण्यासारखं काही नाही. कुणी माती खातं, कुणी खडू, कुणी भिंतीचा पोपडा, कुणी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावतं. लोह कमी पडलं की अनेकांना अशी ओढ लागते. बाया ही गोष्ट चोरून करतात आणि कुणाला सांगत नाहीत, म्हणून निदान लांबतं. तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत. हिमोग्लोबिन ९.६ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर मध्यम रक्तक्षय. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ८ ते ११ या टप्प्याला मध्यम म्हणतात. जिन्यावरची धाप, गळणारे केस, चिडचिड यांचा मोठा वाटा इथून आलेला असू शकतो. तुमचा निश्चय कमी पडलेला नाही, रक्त कमी पडलंय.

आणि ते कुठून जातंय, हेही तुम्हीच लिहिलंय. पाळी जायच्या आधी काही वर्षं ती पुढेमागे होते, हे खरं. पण दर तीन आठवड्यांनी, गुठळ्यांसकट, दीड वर्ष? हे वयावर ढकलून सोडून द्यायचं नाही. गर्भाशयात गाठी असू शकतात, थायरॉइड बिघडलेलं असू शकतं, अस्तर जाड झालेलं असू शकतं. पंचेचाळिशीनंतर असं झालं तर डॉक्टर अस्तराची तपासणीही करायला सांगतात, ती टाळू नका. मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, म्हणून या बाबतीत माझा सल्ला एवढाच: याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. सोनोग्राफी, थायरॉइड, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि बी-१२ जीवनसत्त्व, एवढं त्यांना विचारून करून घ्या. नळ चालू ठेवून बादलीत कितीही ओतलं तरी पातळी वर येत नाही. बीट, डाळिंब, खजूर या गोष्टींचा क्रम त्यानंतर. त्यातून बिटाचा रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हा तर्क मला कधीच कळलेला नाही. बिटात लोह अगदी बेताचं असतं. तासगाव तुमच्या शेजारीच आहे, त्यामुळे भिजवलेल्या बेदाण्यांचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. पाच बेदाण्यांत लोहाचे कण किती आणि साखर किती, याचा हिशेब कुणी करत नाही.

आता साखर, जिच्यामुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असलं तर काठावर आहे म्हणतात, ६.५ पासून मधुमेह. तुमचं ६.१. पण लोह कमी असलं की हा आकडा फसवू शकतो. नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, जुन्या जास्त काळ फिरत राहतात आणि त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून आकडा थोडा चढा दिसतो. रक्तस्राव खूप असेल तर उलटंही होतं. त्यामुळे हिमोग्लोबिन सुधारल्यावर ही तपासणी पुन्हा करायची. याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करा असा नाही. उपाशीपोटी १०८ हेही काठावरचंच, आईचा मधुमेह आहे, आणि आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत हवी, तुमची ३७ आहे. काम करायचंय, फक्त धसका घेऊन करायचं नाही.

आता तुमचा दिवस. मी कागदावर दोन रकाने आखले, एकात पिण्याच्या गोष्टी, दुसऱ्यात चावून खायच्या. पहिल्यात सात झाल्या. दुसऱ्यात दीड चपाती, भाजी आणि पपई. पपईसुद्धा मी उगाच तुमच्या बाजूने मोजली, ती तर तोंडातच विरघळते. पाचपासून आठपर्यंत तुम्ही चार पातेली, एक मिक्सर आणि एक गाळणं विसळता, आणि दीड वाजेपर्यंत पोटात अन्नाचा कण नसतो. प्रथिनं मोजली तर दिवसाला वीस ग्रॅमच्या आतबाहेर. तुम्हाला पन्नासच्या पुढे हवीत. मग वजन उतरलं ते कशाचं, चरबीचं की स्नायूंचं? आणि परत आलेल्या एका किलोत स्नायू नक्कीच नव्हते.

या सातांपैकी दोन आज बंद करा, उद्या नाही. पहिला दुधीचा कच्चा रस. दुधी भाजी म्हणून उत्तम, पण भोपळ्याच्या जातीत कुकुरबिटासिन नावाचं कडू विष असतं आणि एखाद्या दुधीत ते खूप जास्त निघतं. बाहेरून दोन्ही दुधी सारखेच दिसतात. कडू रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या, माणसं दगावल्याच्याही घटना आपल्या देशात झाल्या आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समितीही नेमली होती. माझी आजी दुधी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, कडू लागली की अख्खा दुधी टाकून द्यायची. मिक्सर आला आणि ती चव बघणं गेलं. त्यात आले-लिंबू घातलं की कडूपणा झाकला जातो आणि "औषध कडूच असतं" म्हणून माणूस डोळे मिटून पितो. भाजी करा, थालीपिठात किसून घाला, पण तेव्हाही चकती चाटून बघा.

दुसरा गुळवेल. कोरोनात घरोघरी त्याचे काढे उकळले, मीही प्यायले. पण २०२१ साली मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, ती वनस्पती दुसरीच असू शकते असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञांनी खेळावा. कुंपणावरची वेल नक्की कोणती, हे तुम्हाला-मला ओळखता येत नाही आणि तुम्ही ती वर्षानुवर्षं रोज घेताय, एवढं कारण मला पुरेसं आहे. वैद्यांनी नाडी पाहून, मुदत ठरवून दिलेलं औषध वेगळं. शेजारणीने तोडून दिलेली फांदी वेगळी. डॉक्टरांकडे जाल तेव्हा यकृताची तपासणीही करून घ्या आणि काढ्याबद्दल त्यांना न लाजता सांगा.

बाकीच्या पाचांवर माझा राग नाही. मेथ्या चांगल्याच, पण नुसतं पाणी पिऊन दाणे टाकून देत असाल तर खरा चोथा टाकून देताय. दाणेच आमटीच्या फोडणीत घाला किंवा उसळीत. जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर प्या. लिंबू-मधाने चरबी वितळत नाही, मध ही साखरच, लिंबू मात्र ठेवा, त्याला मी पुढे काम देणार आहे. हळदीबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार? दूध रात्री घ्या, हळद चिमूटभर, गोड काही नको. फक्त हळदीच्या कॅप्सूल कुणी आणून दिल्या तर परत करा. आणि गूळ. गुळाला साखरेपेक्षा चव आहे, वास आहे, इतिहास आहे. रक्तातल्या साखरेला मात्र या तिन्हींशी घेणंदेणं नाही. तीन कप चहात दोन-दोन चमचे गूळ गेला, की साखर बंद केली असं म्हणता येत नाही.

चहाचं खरं दुखणं वेगळंच आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ऑफिसचा चहावाला जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच येतो की नाही? डबा संपला, हात धुतले, समोर कटिंग. चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलंय, जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. तोच कप साडेतीनला प्या. एक पैसा खर्च न होता एवढा फायदा देणारा दुसरा बदल मला माहीत नाही. उलट लिंबू लोह शोषायला मदत करतं, म्हणून ते पहाटेच्या पेल्यातून उचलून डब्यातल्या उसळीवर पिळा.

दोन वेळा की दर दोन तासांनी? हा प्रश्न गेली काही वर्षं महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, रोज ४५ मिनिटं झपझप चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की आपल्या मातीतलं खा, तुपाला-भाताला घाबरू नका, थोडं थोडं वेळेवर खा. दोघांमुळेही फायदा झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला नवल वाटत नाही. दोन्ही वाटांवर खारी-बिस्किटं, फरसाण, येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा सुटतो, घरचं ताजं अन्न येतं, माणूस हलायला लागतो. भांडण खाण्याच्या वेळांचं आहे आणि फायदा बराचसा या सुटलेल्या गोष्टींचा आहे, असं माझं मत. तुम्ही मात्र दोन दगडांवर पाय ठेवलात. सोमवार ते गुरुवार जाऊबाईंचं, शुक्रवारी मैत्रिणीचं, असंच झालं असणार.

तुमच्यासाठी सध्या तीन जेवणं. कारण सरळ आहे, पन्नास ग्रॅम प्रथिनं आणि एवढं लोह दोन बसण्यांत तुमच्या भुकेला झेपणार नाही. रक्त भरून आलं, साखर पुन्हा तपासली, की मग जाऊबाईंच्या वाटेने जायचं असेल तर खुशाल जा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कुणी मात्र डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते.

इथे माझी एक कबुली. नवी नवी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मी तक्त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. एक सफरचंद, दोन ब्राऊन ब्रेड, सॅलड. एका खेड्यातल्या बाई वर्षाने परत आल्या, वजन तसंच. तक्ता काय केलात विचारलं तर म्हणाल्या, "देवाच्या फोटोमागं ठेवलाय की." रोज हळद-कुंकू वाहत होत्या त्याला. ज्या घरात ब्रेड फक्त आजारपणात येतो तिथे मी ब्राऊन ब्रेड लिहून दिला होता. तेव्हापासून मी तक्ता देत नाही, घरात काय शिजतं ते विचारते.

तर तुमच्या घरात शिजतं त्यातूनच. सकाळी रस गाळण्याच्या वेळात मुगाची दोन धिरडी होतात. रात्री मूग भिजत घालायचे, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायचे, लोखंडी तव्यावर टाकायचे. दही किंवा शेंगदाण्याची चटणी. कंटाळा आला तर नाचणीची आंबोळी, बेसनाचं पोळं, भरपूर डाळ घातलेलं थालीपीठ. दुपारी डब्यात दीड चपातीऐवजी दीड भाकरी, ज्वारीची, थंडीत बाजरीची, कारण बाजरीत लोह जास्त. तिच्याबरोबर मटकी, हुलगे, चवळी, हरभरे यांपैकी एक मोड आलेली उसळ, वाटी भरून. पालेभाजीही हवी, पण उसळीच्या जोडीला, उसळीच्या जागी नाही. दही घरी लावलेलं. चार वाजता मूठभर फुटाणे किंवा भाजके शेंगदाणे, हवं तर तुमचं जिऱ्याचं पाणी त्यावर. रात्री पपई हे जेवण नव्हे. पिठलं-भाकरी, नाहीतर वरण-भात आणि भाजी. भात वाटीभर चालेल, आधी भाजी आणि वरण निम्मं खाऊन मग भाताला हात घाला, साखर हळू चढते. आठवड्यातून दोनदा पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. सासूबाईंच्या माळेला यातलं काहीच आड येत नाही. पण बी-१२ वनस्पतींत मिळत नाही, दूध-दह्यात मिळतं ते थोडंच, म्हणून ती तपासणी मी वर लिहिली. कमी आलं तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावंच लागेल, त्याला मोड आलेल्या मुगांचा पर्याय नाही.

उपासाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण असतील तर साबुदाणा हा निव्वळ पिष्ट. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या लोकांनी उगाच नाही म्हटलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही. तेलाचा डबा चौघांत महिन्याला किती जातो तेही एकदा बघा, माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास राहिला तर ठीक.

आता आमटी. हा विषय मी मुद्दाम वेगळा काढला. तुम्ही लिहिलंत, सगळ्यांचं झालं की मी शेवटी बसते. वाटीभर तुरीची डाळ चौघांत शिजते. पहिल्यांदा वाढताना पळी तळाशी जाते, घट्ट आमटी मुलाच्या आणि नवऱ्याच्या ताटात. मग सासूबाईंना मऊ भाताबरोबर. मग कुणीतरी आणखी मागतं, तुम्ही पातेल्यात तांब्याभर गरम पाणी घालून एक उकळी काढता. शेवटी तुमच्या वाटीत जे येतं त्यात कढीपत्ता असतो, दोन मोहऱ्या असतात आणि पिवळं पाणी असतं. भाजीचं तेच, तळाचा रस्सा. घरातल्या सगळ्यांनी एकच आमटी खाल्ली असं वाटतं, पण डाळ तिघांनीच खाल्लेली असते. रक्तक्षय असलेल्या कितीतरी बायकांच्या स्वयंपाकघरात मी हेच पाहिलंय, आणि बऱ्या घरांत पाहिलंय. घरात डाळीला कमी नव्हती.

वाढायच्या आधी तुमची वाटी काढून झाकून ठेवा. पळी तळाशी घालून. शेवटी बसायचं असेल तर बसा, पण ती वाटी आधीच भरलेली असू दे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. सासूबाईंना मी ओळखत नाही, पण बहुतेक सासवांना "रक्त कमी आहे" हे वाक्य "डाएट चालू आहे" या वाक्यापेक्षा चटकन कळतं.

व्यायामाचं थोडक्यात, कारण सध्या तुम्ही कमी करायचाय. दहा हजार हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" अशा अर्थाचं होतं. नाव गाजलं आणि आकडा जगभर पसरला. ९.६ हिमोग्लोबिनवर धापा टाकत, गुडघे दुखवत तो गाठण्यात शहाणपण नाही. आमराईत वीस मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने. आणि दुपारी-रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. आपल्या आजोबांची ही सवय आता जगभरच्या साखरतज्ज्ञांना पटलीय, कारण जेवणानंतर चढणारी साखर पायाचे स्नायू तिथल्या तिथे वापरून टाकतात. पतसंस्थेच्या आवारात तेवढी जागा नक्की असेल.

स्नायू हे साखरेचं कोठार. ते वाढवायचं म्हणजे जिममध्ये जायलाच हवं असं नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, दहा वेळा, थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात टेकून दंड. एका दिवसाआड एवढं केलंत तर मांड्या भरतील आणि गुडघ्यांचा भार त्या उचलतील. सूर्यनमस्कार आपल्या भागातलेच, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी ते घरोघरी पोचवले. पण तुमचे सुरू करू ते हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेल्यावर, चार-सहाच, सावकाश.

झोप तुम्ही मोजली नसेल. मी गृहीत धरते की रात्री भांडी-ओटा होऊन साडेअकराला आडव्या होता. पाचला उठता. साडेपाच तास. रस-काढ्यांचा कारभार गेला की पावणेसहापर्यंत झोपता येईल. अपुऱ्या झोपेत भूकही वाढते, साखरही बिघडते आणि चिडचिड तर होतेच. ही पाऊण तासाची झोप मी तुम्हाला औषध म्हणून लिहून देतेय.

पावडर घेऊ नका. डब्यावर नेमकं काय आणि किती लिहिलंय ते न वाचता तर नाहीच. आणि २,८०० रुपयांत वर सांगितलेल्या तपासण्या बऱ्याचशा होतील. वहिनींना नाही कसं म्हणायचं हा खरा प्रश्न आहे, ते मला कळतं, रोज गॅलरीत तोंड बघायचं असतं. "आहारतज्ज्ञांनी रिपोर्ट येईपर्यंत काहीही नवीन घ्यायला मना केलंय" एवढं म्हणा. खोटंही नाही, आणि वाईटपणा माझ्या माथी.

रिपोर्ट आले की पुन्हा लिहा. वजन कळवू नका, हिमोग्लोबिन आणि कंबर कळवा, आणि कच्च्या तांदळांची ओढ कमी झाली का तेही.

ता. क. मीही एक महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवली होती. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्यांनी शौचाला काळी होते, घाबरून बंद करू नका. बद्धकोष्ठ झालं किंवा मळमळलं तर गोळी बदलून मागा, एक दिवसाआड चालेल का तेही विचारा. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी एका वेळी नको, दुधाबरोबर नको, चहाबरोबर तर नकोच. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. आणि हिमोग्लोबिन १२ झालं की "झालं आता" म्हणून पाकीट कपाटात टाकू नका. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात.